तुम्ही विचारलंत म्हणून : टंच यंत्रातला डिटेक्टर वेगळा का घडवून घ्यायचा?

विट्यात टंच यंत्रांचे, म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता तपासणाऱ्या यंत्रांचे, काम करीत असल्यामुळे, यात्रेसाठी गावी आलेले गलाई बांधव (सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे) मला हटकून विचारतात, की यंत्र तेच, क्ष-किरणांची नळी तीच, मग आतला, परत येणारे किरण टिपणारा नखाएवढा डिटेक्टर आपल्या कामाप्रमाणे घडवून घेण्यासाठी जादा पैसे का मोजायचे?

क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतो. सोन्याची मुख्य रेषा 9.71 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला येते, इरिडियमची 9.18 ला आणि जस्ताची 8.64 ला. हे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन सुटण्यास सरासरी 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागत असल्याने सोन्याच्या एका किरणातून सुमारे 2,700 इलेक्ट्रॉन मिळतात, इरिडियमच्या किरणातून त्याहून दीडशे कमी. सोन्यातली इरिडियमची भेसळ पकडणे म्हणजे हा दीडशेचा फरक ओळखणे होय. जुन्या पद्धतीच्या, वायू भरलेल्या डिटेक्टरला (काउंटरला) तर सोने आणि जस्तही धड वेगळे दिसत नाहीत.

एमिलिओ गात्ती आणि पावेल रेहाक या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरमध्ये सिलिकॉनच्या चकतीवरच्या वर्तुळाकार कड्यांना चढत्या क्रमाने व्होल्टेज दिलेले असते. शेताला उतार देऊन सगळे पाणी एका चारीत आणावे, तसे चकतीभरचे इलेक्ट्रॉन मधल्या चिमुकल्या अ‍ॅनोडवर गोळा होतात. अ‍ॅनोड लहान म्हणून त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी, आणि धारिता कमी म्हणून मोजणी बिघडवणारा विद्युत गोंगाटही कमी. चकती मोठी केली तरी हा गुण फारसा ढळत नाही. शिवाय थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागत नाही, विजेवर चालणारा छोटा पेल्टियर कूलर पुरतो. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवर 2023 मध्ये चंद्राच्या मातीतले गंधक ओळखणाऱ्या उपकरणातही याच जातीचा डिटेक्टर होता, हे सांगताना मला आजही आनंद होतो.

आता घडवून घेण्याचे कारण. चांदीची रेषा 22.2 ला आणि दागिन्याच्या डागातल्या, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूतल्या, कॅडमियमची 23.2 ला येते. नेहमीची 0.45 मिलिमीटर जाडीची चकती सोन्याचे जवळपास सगळे किरण अडवते, परंतु चांदीचे सुमारे 30 टक्केच अडवते, बाकीचे आरपार निघून जातात. जाडी 1 मिलिमीटर केली की निम्म्याहून अधिक हाती लागतात. चांदीची दुसरी रेषा 2.98 ला आहे खरी, पण हवेतल्या आरगॉनची 2.96 ची रेषा तिला जवळजवळ चिकटूनच येते, त्यामुळे कमी चांदीच्या मोजणीत तिच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. म्हणून चांदीची गलाई करणाऱ्याने, किंवा केडीएमचे, म्हणजे कॅडमियमचा डाग दिलेले, जुने दागिने ज्याच्याकडे सतत येतात त्याने, जाड चकतीच मागवावी. ज्याला फक्त सोन्यातले इरिडियम पाहायचे आहे, त्याने जाडीवर खर्च न करता ऊर्जा बारकाईने वेगळी करणारा डिटेक्टर घ्यावा.

मात्र सोन्याचे हे किरण पृष्ठभागाखालच्या दहाएक मायक्रॉनमधूनच बाहेर येतात. जाड मुलाम्याखाली काय आहे, हे कितीही भारी डिटेक्टर सांगू शकत नाही. त्यासाठी दागिना मुशीत घालावाच लागतो.