भंगाराच्या भावातली डुक्कर फियाट

विलेपार्ले पूर्वेचा एक जुना बंगला पुनर्विकासाला गेला होता. सोमवारी बिल्डरला ताबा द्यायचा आणि शनिवारी दुपारी घरमालकांच्या मुलाचा मला फोन आला. "गॅरेजमध्ये बाबांची जुनी गाडी पडून आहे. भंगारवाला बावीस हजार देतोय. तुम्ही व्हॅल्युएशन करता ना, एकदा नजर टाकून जाता का?"

मी पोचलो तेव्हा कुर्ल्याचा भंगारवाला टेम्पो लावून फाटकाशी उभाच होता. ताडपत्री ओढली आणि माझ्या छातीत धस्स झालं. डुक्कर फियाट! फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, मुंबईचा जुना, बीएमने सुरू होणारा नंबर. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. चारी टायर बसलेले, पायाखालचा पत्रा खाऱ्या हवेने चाळणीसारखा झालेला, मागच्या सीटवर मांजराने संसार थाटलेला.

मुलगा हौसेने नवी बॅटरी घेऊन आला होता. "मारून बघू का सेल्फ?" मी जवळजवळ ओरडलोच. वर्षानुवर्षं बंद इंजिनात पिस्टन गंजून चिकटलेले असतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट डिंक होतो. अशा वेळी सेल्फ मारला की रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि चांगलं इंजिन मिनिटात वाया जातं. आधी प्लग काढून आत ऑइल सोडायचं, दोन दिवस थांबायचं, मग हाताने इंजिन फिरवून बघायचं.

मी बॉनेट उघडलं. रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉकवरची काजळी पुसत गेलो, तसा एकेक आकडा वर आला. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आता आरसी बुक हवं होतं.

"जुने कागद? ते सकाळीच रद्दीत बांधले की," मुलगा म्हणाला.

व्हरांड्यातल्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या आम्ही दोघांनी सोडल्या. तिसऱ्या गठ्ठ्यात, लाइट बिलांच्या मध्ये, ते पुस्तक सापडलं. इंजिन आणि चेसिस, दोन्ही नंबर तंतोतंत जुळले. पत्रा नवा ठोकता येतो, क्रोम पुन्हा चढवता येतं. पण मूळ इंजिन आणि मूळ कागद गेले की ते कुठून आणणार? संग्राहक पैसे मोजतो ते त्याचेच. मी अडीच लाखांचा आकडा लिहिला, तोही गाडी होती त्याच अवस्थेत. भंगारात मात्र ती साडेआठशे किलो लोखंड म्हणूनच गेली असती. अशा किती गाड्या कागदांअभावी तोडल्या गेल्या, ते आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

मुलगा आकड्याकडे बघत राहिला. त्याच्या म्हाताऱ्या आई मात्र व्हरांड्यातून म्हणाल्या, "विकली तर यांचा नंबर जाईल का हो?"

नाही जाणार, मी सांगितलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी झालेली असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो. रोज फिरवायला मात्र परवानगी नाही.

"मग यांच्या नंबरासकट घेणारा बघा."

गाडी ओढून काढायला शेवटी भंगारवाल्यानेच जॅक दिला. मांजराची पिल्लं त्याने आधी टोपलीत काढून घेतली.