रेघ बोटाच्या मागं काहून येते? एका ओळीपायी गेलेला मे महिना

आधीच सांगून टाकतो, चूक माझीच निघाली. दुसऱ्या कोणाची असती तर एव्हाना विसरलो असतो, स्वतःची आहे म्हणून अजून डोक्यात जाऊन राहिली.

मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला घरूनच ॲपची कामं करतो. फेब्रुवारीत इतवारीतल्या एका पार्टीचं काम आलं, पाट्या, वह्या, शाळेचं सामान विकतात ते, त्यांना लहान मुलांसाठी अक्षर गिरवायचं ॲप पाहिजे होतं. स्क्रीनवर फिकट अक्षर दिसतं, पोरानं बोटानं वरून गिरवायचं, जमलं की टाळ्या. आवाज, चित्रं, बक्षिसाचे तारे, सगळं मार्चअखेर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एप्रिलात शेठचा मेसेज आला, "ॲप अडकते."

एवढंच. कुठं अडकते? "चालवताना." कोणत्या फोनवर? "दुकानातल्या." अहो पण फोन कोणता? "काळा." मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन मिळायला ९ दिवस लागले, तेही मी स्वतः ॲक्टिवा काढून इतवारीत गेलो तेव्हा. त्यामुळे तुम्ही असलं काम घेत असाल तर तक्रार आल्याआल्या, बाकी काही विचारायच्या आधी, सेटिंगमधल्या अबाऊट फोनचा स्क्रीनशॉट मागा. माझे ९ दिवस गेले ते गेले.

माझ्या स्वतःच्या फोनवर ॲप एकदम मख्खन चालायचं, म्हणून मला वाटत होतं शेठ उगाच कुरकुर करून राहिले. मग ताई घरी आली, तिच्या जुन्या फोनवर ॲप टाकलं आणि भाचीच्या हाती दिला. सहा वर्षांची आहे. तिनं 'ठ' काढायला घेतला आणि दोन सेकंदांत विचारलं, "मामा, रेघ माह्या बोटाच्या मागं काहून येऊन रायली?"

तक्रार अशी लिहावी. शेठनं महिनाभरात जे सांगितलं नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं. बोट पुढं, रेघ मागं, आणि 'ठ'चा गोल निघायचा अष्टकोनी. ठिपके दूर दूर पडायचे आणि ते सरळ रेषेनं जोडले जायचे.

इथून पुढचा महिना मी काय काय केलं ते लिहितो, तेच तुम्ही करू नका.

थोडा हिशेब आधी. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, एक फ्रेम (एक चित्र) काढायला १६.६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात टच वाचायचा, हिशेब करायचा, चित्र काढायचं, सगळं. १२० हर्ट्झवर तर ८.३ च. तेवढ्यात नाही झालं तर फ्रेम चुकते आणि डोळ्याला अडकल्यासारखं दिसतं. हे मला पाठ आहे, इंटरव्ह्यूत विचारतात. पाठ असून काही फायदा झाला नाही ही गोष्ट वेगळी.

पहिले मी ऑनड्रॉमधे (चित्र काढायचा कोड, दर फ्रेमला चालतो) दर वेळी नवीन पेंट ऑब्जेक्ट (रंग-जाडीची माहिती) बनत होते ते बाहेर काढले. चांगली सवय आहे, कराच, पण फरक शून्य. मग मागचं चित्र पाहिलं, डिझायनरनं ४००० बाय ३००० पिक्सेलचं दिलं होतं आणि मी तसंच्या तसं लोड करत होतो, म्हणजे मेमरीत ४८ एमबी नुसतं एका शेताच्या चित्रापायी. ते लहान केलं. ॲप लवकर उघडायला लागलं, रेघ तशीच मागं. मग फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमधला (ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग) जीपीयू ओव्हरड्रॉ चालू केला, जीपीयू म्हणजे चित्र काढणारी चिप. त्यात एकाच जागी किती वेळा रंगवलं ते रंगानं दिसतं, एकदा जास्तीचं असेल तर निळं, दोनदा हिरवं, तीनदा गुलाबी, चार किंवा जास्त असेल तर लाल. माझी गिरवायची जागा छान फिकट निळी! मी खूश. म्हटलं आपलं ग्राफिक्स स्वच्छ आहे, फोनच भंगार आहे.

हा फिकट निळा रंग म्हणजे मोठा चकवा होता, पण ते नंतर.

फोनच भंगार आहे हे सिद्ध करायला मी सीताबर्डीत गेलो. ऊन ४५ च्या घरात, मेट्रोतून उतरून रस्ता ओलांडेपर्यंत जीव गेला. शेठकडचंच मॉडेल एका दुकानात जुनं मिळालं, ३५०० ला. मी दुकानदाराला म्हटलं, याचा टच स्लो आहे ना? त्यानं नोट्सचं कोणतं तरी ॲप उघडलं, त्यात बोटानं सर्रकन आपली सही केली, रेघ बोटाला चिकटून. "टच बराबर आहे भाऊ. तुमचं ॲप पाहा." आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

काय बोलणार. फोन घेऊन घरी आलो.

घरी एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) डम्पसिस जीएफएक्सइन्फो चालवलं (ही कमांड जमली पायजेच, किती फ्रेम चुकल्या ते टक्क्यांत सांगते). ६१ टक्के फ्रेम चुकलेल्या, आणि नव्वदाव्या पर्सेंटाइलला एक फ्रेम ५७ मिलिसेकंदांची, म्हणजे दहातल्या एका फ्रेमला तेवढा किंवा जास्त वेळ. मग रात्री परत मोजलं तर बरंच कमी! मी जे काही बदललं होतं त्यानंच झालं असं समजून झोपलो. सकाळी परत ५७. दोन दिवस हा खेळ चालला, मग लक्षात आलं की रात्री मी फोन कूलरसमोर ठेवून मोजत होतो. तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो, थंड हवा लागली की वर चढवतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारचा आकडा आणि रात्रीचा आकडा यांची तुलनाच होत नाही. आता मी मोजायच्या आधी फोन १० मिनिटं चालवून तापवतो आणि मग मोजतो, कारण शेठच्या दुकानात तो तसाच तापलेला असणार आहे. आणि हो, मोजायचं ते रिलीज बिल्डवर (लोकांना द्यायचं ॲप), डीबग बिल्ड (चुका शोधायला बनवलेलं) तसाही हळू चालतो. हे पहिले लिहायला पायजे होतं.

त्याच डेव्हलपर ऑप्शनमधे प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग म्हणून आहे, स्क्रीनवर खालून उभे खांब येतात, प्रत्येक खांब म्हणजे एक फ्रेम, आणि एक आडवी हिरवी रेघ असते तिच्यावर गेला की उशीर. माझे खांब अर्ध्या स्क्रीनपर्यंत. मी पाहत होतो लाल आणि नारिंगी तुकडे, कारण ते जीपीयूच्या कामाचे असतात आणि जीपीयू कमजोर आहे हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. ते तर बारीक होते. उंची सगळी निळ्या आणि फिकट निळ्यात. निळा म्हणजे ड्रॉ, फिकट निळा म्हणजे सिंक आणि अपलोड, चित्र मेमरीतून जीपीयूकडे पोचवायचा वेळ. अपलोड? मी अपलोड काय करून राहिलो? मागचं चित्र तर एकदाच जातं. हा प्रश्न मला पडला, मी एका कागदावर लिहिला, आणि त्यावर चहाचा कप ठेवला. खरंच. पुढचे सहा दिवस मी अक्षर तपासायचा अल्गोरिदम दुसऱ्या थ्रेडवर (बाजूला समांतर चालणारं काम) नेण्यात घालवले.

शेवटी कॉलेजचा एक मित्र म्हणाला, अबे डोकं नको लावू, एकेक गोष्ट काढत जा. फिकट अक्षर काढलं. तारे काढले. मागचं शेत काढलं. तपासणी बंद केली. रेघेची सावली काढली. उरली एक पांढरी जागा आणि तिच्यावर बोटाखाली एक काळा ठिपका. ठिपकासुद्धा मागं!

एक ठिपका काढायला फोनला ४० मिलिसेकंद लागत असतील तर गडबड चित्रात नाही, कागदातच आहे. मग मी त्या व्ह्यूचा, म्हणजे गिरवायच्या जागेचा, कन्स्ट्रक्टर (ती जागा तयार होताना चालणारा कोड) उघडला, जिथं महिनाभरात गेलोच नव्हतो. दुसरीच ओळ, सेटलेयरटाइप, लेयर टाइप सॉफ्टवेअर. आणि बाजूला माझ्याच हातची कॉमेंट: सावलीसाठी, नंतर काढायची.

दोन वर्षांपूर्वी एका सहीच्या ॲपमधे मी ही लावली होती. रेघेला सावली द्यायला सेटशॅडोलेयर असतं, ते अक्षरांच्या मजकुराला सगळीकडे चालतं पण रेघा-आकारांना हार्डवेअरवर अँड्रॉइड ९ पासूनच चालतं. त्याआधीच्या फोनवर सावली दिसत नाही म्हणून लोक ही ओळ टाकतात, की बाबा हा व्ह्यू जीपीयूला नको देऊ, सीपीयूनंच (मुख्य प्रोसेसर) रंगव. मी पण टाकली, आणि यावेळी तो व्ह्यू जसाच्या तसा उचलून इथं आणला. सहीचा चौकोन छोटा होता, काही वाटलं नाही. इथं व्ह्यू अख्ख्या स्क्रीनचा. ७२० बाय १६००, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे बोट जरा हललं की साडेचार एमबीहून मोठं चित्र सीपीयू नव्यानं रंगवणार आणि जीपीयूकडे पाठवणार, ६० फ्रेम पाहिजे असतील तर सेकंदाला पावणेतीनशे एमबी. माझ्या महागड्या फोनला ते पेललं. शेठच्या काळ्या फोनला नाही.

आणि ओव्हरड्रॉ फिकट निळा काहून होता ते आता कळलं का? तो फक्त जीपीयूचं रंगवणं मोजतो. जीपीयूला माझ्याकडून एकच तयार चित्र मिळत होतं, ते त्यानं एकदा चिकटवलं. आतला सगळा पसारा सीपीयूवर, त्याला दिसतच नव्हता.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे शेठचा फोन अँड्रॉइड १० चा. त्याला त्या ओळीची गरजच नव्हती.

ओळ काढली. चुकलेल्या फ्रेम ६१ वरून १७ टक्क्यांवर. रात्री दोन वाजता एकटाच खोलीत ओरडलो, बाजूच्या खोलीतून आई म्हणाली, काय झालं रे बाप्पा.

१७ वरून ४ वर आणायला आणखी एक केलं. पूर्ण झालेल्या रेघा एका बिटमॅपमधे (मेमरीतलं तयार चित्र) एकदाच उतरवून ठेवायच्या, बोट उचललं की, आणि चालू रेघ तेवढी दर फ्रेमला काढायची, तीही फार लांबली की तुकडे पाडायचे. एकच लांब वाढत जाणारा पाथ (रेघेचा मार्ग) दर फ्रेमला काढणं महाग पडतं. सावली मी काढूनच टाकली, धूसर सावली हार्डवेअरवरही फुकट नसते. तिच्या जागी जरा जाड, फिकट रंगाची रेघ खाली सरकवून काढतो.

अष्टकोनी 'ठ'चं राहिलंच. टचचे मूव्ह इव्हेंट (बोट हलल्याच्या नोंदी) एकेक करून येत नाहीत, फ्रेमभर साठवून गठ्ठ्यानं येतात, आणि गेटएक्स (बोटाची आडवी जागा) विचारलं की शेवटचाच बिंदू मिळतो. मधले बिंदू हिस्टॉरिकलमधे असतात, गेटहिस्टरीसाइज पाहून तेवढे वाचायचे. फ्रेम हळू असली की गठ्ठा मोठा, आणि मी मधले सगळे फेकत होतो. हे वाचायला लागल्यावर 'ठ' गोल झाला. १५ मिनिटांचं काम.

टचच्या बाकीच्या भानगडींना मात्र आपली लिपीच कारण होती. शिरोरेषा! अक्षरं पानापानांवर होती, बाजूला सरकवलं की पुढचं अक्षर. पोरगी शिरोरेषा ओढायची डावीकडून उजवीकडे, आणि मधेच मागचं पान यायचं. बोट आडवं ठराविक अंतर सरकलं की व्ह्यूपेजर (पानं सरकवणारा भाग) म्हणतो हे माझं, आणि आपल्या व्ह्यूला ॲक्शन कॅन्सल (स्पर्श रद्द) पाठवून देतो. मी फक्त अप (बोट उचललं) पाहत होतो, कॅन्सल नाही, त्यामुळे अर्धी शिरोरेषा तशीच लटकून राहायची. उपाय म्हणजे डाउन आला (बोट टेकलं) की आईबापाला (ज्याच्या आत आपला व्ह्यू आहे त्याला) रिक्वेस्टडिसअलाउइंटरसेप्टटचइव्हेंट सांगायचं, म्हणजे स्पर्श मधेच हिसकू नको, प्रत्येक डाउनला नव्यानं, कारण नवीन स्पर्श आला की ते विसरतात. (या नावाला शिरोरेषा द्यायची तर एक पान पुरणार नाही.) आणि अगदी डाव्या कडेपासून रेघ सुरू केली तर अँड्रॉइड १० चं बॅक जेश्चर (कडेवरून बोट ओढलं की मागं जायचं) लागून ॲपच बंद व्हायचं. त्यासाठी कडेचा काही भाग वगळायला सांगता येतो पण एका कडेला २०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंचीच मिळते, म्हणून मी सरळ अक्षरच आत सरकवलं.

आणि लहान पोरं तळहात टेकवतात. दुसरं बोट लागलं की रेघ तिकडे उडी मारायची. पॉइंटरचा (टेकलेल्या प्रत्येक बोटाचा) इंडेक्स (क्रमांक) बदलत राहतो, आयडी (ओळख) नाही, आयडी धरून ठेवा.

सगळं घेऊन मेअखेरीस इतवारीत गेलो, शेठसमोर फोन ठेवला, आणि रेघ थरथरायला लागली. माझा घसाच कोरडा पडला. पॉइंटर लोकेशन (स्पर्श कुठं होतो ते दाखवणारी सेटिंग) चालू केलं तर बोट न हलवता खुणा नाचत होत्या. मग दिसलं, फोन चार्जरला लावलेला, चार्जरवर कंपनीचं नावसुद्धा नाही. हलक्या चार्जरचा करंट अस्वच्छ असतो आणि टच पॅनेल त्यालाच बोट समजतं. पिन उपटली, रेघ शांत. शेठ म्हणाले, "अरे भाऊ, मग हेच आधी सांगायचं ना, चार्जर बदलला असता." मी काही बोललो नाही, बाहेर येऊन तर्री पोहे खाल्ले.

पैसे जूनमधे आले, सोबत शेठचा मेसेज, "आता बरं चालते, पण सावली आधी जास्त छान होती." अजून उत्तर दिलं नाही.