पास्कल नंतर, फिल्टर आधी

कॉर्डलेस व्हॅक्यूम घेतला असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सक्शन किती? आमच्या खोक्यावर २५,००० पास्कल असं ठसठशीत छापलंय. आकडा खोटा नसतो, पण तो नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. तोंड बंद असताना आतून हवा वाहतच नाही, आणि जमिनीवरचा केस डब्यापर्यंत न्यायला तर वाहती हवाच लागते. सक्शन आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरून जी ताकद निघते ती एअर वॉटमध्ये सांगतात. तो आकडा खोक्यावर नव्हता, पुस्तिकेतही नव्हता. म्हणून मशीन आलं तशी घरातच त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. बदलून घ्यायची मुदत ७ दिवसांची, म्हणजे जे काय तपासायचं ते तेवढ्यातच.

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, जुनं, कौलारू. पुढे बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे कुळागर म्हणजे पोफळीची बाग, आत तांबडा घोटीव कोबा. त्यावर बिस्किटाच्या रंगाचा एक केस पडला तरी दारातून दिसतो. आणि एक केस कधीच पडत नाही. आमचा खंड्या अर्धा लॅब्रेडॉर, अर्धा गावठी. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ केस आणि आत दाट मऊ लव. खंड्याने गावठी बाजूकडून शहाणपण घेतलं आणि दुसऱ्या बाजूकडून हे दोन्ही थर. केस बारा महिने गळतात, अधूनमधून तर लवेचे पुंजकेच्या पुंजके निघतात.

सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे झाडू फिरला की ते बाल्कांवात जाऊन बसतात. कुत्र्याची ॲलर्जी केसामुळे होते असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, केस ती घरभर फिरवतात. झाडूने केस गोळा होतात आणि कोंडा हवेत उडतो. मला नेमकं तेच टाळायचं होतं. सासूबाईंचं मत वेगळं होतं. मशीन भिंतीला लावून चार्ज होताना बघून त्या म्हणाल्या, "अगं, झाडूला कधी चार्जिंग लागलेलं ऐकलंयस?"

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर होती. गोव्यात चवथीच्या आधी घर वरपासून खालपर्यंत झाडून निघतं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या जागेच्या वरची जळमटंसुद्धा. म्हणजे परीक्षेला काम भरपूर होतं आणि हवा अगदी वाईट होती. श्रावणातला पाऊस, कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी सोडतं.

पहिली चाचणी जमिनीची. खंड्याला अंगणात बसवून विंचरलं आणि निघालेली लव स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. १० ग्रॅम लव म्हणजे किती, याची मला कल्पना नव्हती. पिंजलेल्या कापसासारखा ढीग झाला. तो खोलीभर विखरून, वर थोडा रवा आणि खंड्याच्या खाण्यातले चार दाणे टाकले. मशीनबरोबर दोन रोलर आले होते, पुढच्या डोक्यात बसवून फिरणारे. एक ताठ दातांचा, तो गालिच्यासाठी. दुसरा मऊ कापडाचा, गुळगुळीत जमिनीसाठी. ताठ दातांच्या रोलरने केस उचलले, पण रवा मागे फेकला आणि खाण्याचा एक दाणा सरळ कपाटाखाली गेला. (तो खंड्याने शोधून काढला.) मऊ रोलरने एका फेरीत जवळपास सगळं साफ केलं. मग पांढरे मोजे घालून खोलीभर चालले. मोज्यांना केस नव्हते, तांबडी माती मात्र होती, कारण कोब्याला बारीक चिरा आहेत आणि त्यांत कुळागराची माती घट्ट बसलेली असते. भिंतीच्या कडेनेही बोटभर पट्टी राहते, रोलर डोक्याच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून. तिथे चपटी नळी लावून एक फेरी जास्तीची.

आमच्याकडे गालिचा नाही, म्हणून ताठ दातांचा रोलर तेव्हापासून खोक्यातच आहे. गोव्यातल्या बहुतेक घरांत लादी, मोझॅक नाहीतर कोबा असतो. मऊ रोलर बरोबर येत नसेल तर बाकीची जाहिरात वाचायचीही गरज नाही, असं माझं मत झालंय.

खरी कसोटी सोफ्याची. कापडावर पडलेला केस नुसता पडून राहत नाही, माणसं बसून उठून तो धाग्यांत विणला जातो. चपट्या नळीने कितीही ओढलं तरी तो हलत नाही. मशीनबरोबर एक छोटं डोकं होतं, त्यात स्वतःची मोटर आणि फिरणारा ब्रश. हा ब्रश केस आधी उपटून वर आणतो, मग हवा तो ओढून नेते. मी सोफ्याच्या एका बैठकीवर हे डोकं फिरवलं आणि शेजारच्या बैठकीवर ओला करून झटकलेला रबरी हातमोजा. नंतर दोन्हीकडे सेलोटेप चिकटवून काढली आणि उजेडात धरून बघितली. हातमोज्याची बाजू थोडी जास्त स्वच्छ निघाली! पण मोज्याने खूप वेळ घेतला आणि मनगट दुखलं. मशीनने बैठक पटकन उरकली आणि मोज्याला न जमणारी बारीक धूळही नेली. सोफ्याच्या शिवणीत आणि कोपऱ्यांत मी अजूनही मोजाच वापरते. गादीवर मात्र मशीनच, कारण तिथे केसांपेक्षा कोंड्याची काळजी जास्त. पिसवांची अंडीही कुत्र्याच्या अंगावरून अशाच जागी गळून पडतात.

खंड्याला आवाज सोसेल का ही धास्ती होती. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत. या मशीनची मोटर मिनिटाला लाखभर वेळा फिरते, म्हणजे आपल्याला बारीक शिट्टी वाटते तिथे त्याच्या कानात आणखी काय काय वाजत असेल देव जाणे. आधी मशीन बंदच ठेवून त्याच्या ताटाजवळ उभं केलं, मग दुसऱ्या खोलीत चालू करून त्याला इकडे पावाचा तुकडा दिला. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यावर जो रोज तुटून पडतो, तो याला चक्क सरावला. टर्बो, म्हणजे सर्वांत जास्त वेग, लावला की अजूनही उठून अंगणात जातो, एवढंच.

बॅटरीबद्दल खोक्यावर ४५ मिनिटं लिहिलंय. असा आकडा बहुधा सर्वांत कमी वेगाचा आणि मोटरवालं डोकं न लावता मोजलेला असतो. मोटरवालं डोकं तीच बॅटरी खातं. आमच्याकडे मऊ रोलर लावून मधल्या वेगावर साधारण २५ मिनिटं मिळतात, टर्बोवर ८ ते ९. अख्खं घर एका दमात होत नाही. पुढच्या दोन खोल्या आणि सोफा एके दिवशी, मागचं दुसऱ्या दिवशी असं ठरवून टाकलं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा मात्र या बॅटरीचं कौतुक वाटतं, फक्त ती आधी भरलेली हवी.

आता डबा. अर्ध्या लिटरचा आहे, आणि कुत्र्याच्या घरात अर्धा लिटर म्हणजे काहीच नाही. लव वजनाला हलकी पण फुगीर असते, पुढच्या दोन खोल्यांतच डबा भरतो. त्यातही अडचण डब्यापेक्षा आतल्या जाळीची. बिनपिशवीच्या व्हॅक्यूममध्ये हवा भोवऱ्यात फिरवून धूळ बाजूला टाकतात. लाकडाच्या गिरणीतला असा धूळ गाळणारा मोठा शंकू पाहून जेम्स डायसन यांना ही कल्पना सुचली, आणि ५,१२७ नमुने बनवल्यावर यंत्र मनासारखं झालं असं ते सांगतात. धुळीसाठी ही युक्ती उत्तमच. पण कुत्र्याची लव भोवऱ्यात बाजूला पडत नाही, ती मधल्या जाळीला गुंडाळून बसते, हवा अडते आणि २५,००० पास्कल कागदावर राहतात. डब्यावरची भरल्याची खूण बघत बसण्यात अर्थ नाही. जाळी झाकली गेली की थांबायचं आणि बोटाने गुंडाळी ओढून काढायची. हे काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन, सासरे आत असताना. डबा रात्रभर भरलेला ठेवायचा नाही, कारण खाण्याचा चुरा आत गेलेला असतो आणि मुंग्यांना त्याचा पत्ता लगेच लागतो.

रोलरला गुंडाळलेले केस मात्र खंड्याचे नव्हतेच. त्याचे केस आखूड, ते निसटून डब्यात जातात. कात्रीने कापून काढावे लागले ते माझे आणि सासूबाईंचे. सासूबाईंनी हे निकालपत्र फारसं मनावर घेतलं नाही.

आणि फिल्टर. माझ्या मते गोव्यात कॉर्डलेस व्हॅक्यूम पास होतो की नापास हे फिल्टरवर ठरतं. पुस्तिका म्हणते, थंड पाण्याने धुवा आणि २४ तास सुकू द्या. हे पावसाळा न पाहिलेल्या माणसाने लिहिलंय. २४ तासांनी वरून कोरडा वाटणारा फिल्टर घड्यांत दाबून पाहिला तर बोटाला गार लागत होता. असा ओलसर फिल्टर बसवला की बारीक धूळ त्यावर चिखल होऊन बसते, मोटरवर ताण येतो आणि बाहेर येणाऱ्या हवेला भिजल्या कुत्र्याचा वास. सासूबाईंनी चुलीजवळ ठेवायला सुचवलं, पण उष्णतेने प्लॅस्टिकची कड वाकली तर फिल्टर घट्ट बसत नाही आणि न गाळलेली हवा फटीतून बाहेर येते. दम्याच्या घरात मग उपयोग काय? हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो हे खरं, पण हवा त्यातूनच गेली तर.

शेवटी फिल्टर पंख्याखाली दोरीला टांगला आणि पूर्ण दोन दिवस तसाच ठेवला. तेवढ्यात जमिनीवर पुन्हा केसांचं राज्य. तेव्हाच दुसरा फिल्टर मागवला. आता एक मशीनमध्ये, एक दोरीवर. पावसाळ्यात धुणंही कमी केलं, बहुतेक वेळा अंगणात नुसता आपटून झटकते. ओल्या जमिनीवर मशीन फिरवत नाही. खंड्या पावसातून आला की त्याच्या पावलांचे ठसे पोछ्यानेच, कारण ओली माती आणि ओले केस मऊ रोलरला लागले की रोलरही दोरीवर जातो.

मुदत संपायच्या आत निर्णय झाला, मशीन ठेवलं. सासरे आता सफाई चालू असताना आत बसतात, फक्त टीव्ही ऐकू येत नाही म्हणून कुरकुरतात. अंगण आणि बाल्कांव हिरांच्या झाडूकडेच आहे, सासूबाई त्यावर तडजोड करत नाहीत. सगळ्यांत जास्त फरक खरं तर फुकटच्या गोष्टीने पडला. खंड्याला सकाळी अंगणात विंचरलं की त्या दिवशी डबा निम्मासुद्धा भरत नाही.

शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, आपणही घ्यावा का. मी त्यांना दोनच गोष्टी दुकानदाराला विचारायला सांगितल्या: मोटरवालं छोटं डोकं खोक्यात येतं की वेगळे पैसे पडतात, आणि सुटा फिल्टर लगेच मिळतो का. त्यांनी पास्कल विचारले. त्यांच्याकडे तीन मांजरं आहेत, आणि मांजरं गादीवर झोपतात, म्हणून म्हटलं, या रविवारी माझंच मशीन घेऊन जा आणि तुमच्या गादीवर फिरवून बघा. डबा तेवढा रिकामा करून परत द्या.