तुम्ही विचारलेत म्हणून: लॅक्स्टनच का?

नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या खेड्याच्या जमिनीच्या इतिहासात एका मराठी माणसाने इतके गुंतून का पडावे, हे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की त्यावर माझे एक ठरलेले उत्तर झाले होते. 1635 मध्ये मार्क पिअर्सकडून या गावाचा नकाशा काढून घेणारा जमीनदार, म्हणजे तिथल्या मॅनरचा (जहागिरीचा) धनी, सर विल्यम कोर्टन; त्याच वर्षी त्याच्या मंडळींना पहिल्या चार्ल्स राजाने पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली, 1636 मध्ये त्यांची जहाजे गोव्याला पोहोचली आणि 1638 मध्ये त्यांनी मिरीसाठी कारवारला वखार घातली. यातले काहीही खोटे नाही. पण कोर्टन मला फार उशिरा सापडला आणि सापडल्यावर मी त्याला ढालीसारखा पुढे केला.

मला ओढ होती ती शेतांची. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून इंग्लंडमधली मोकळी शिवारे आणि सामाईक कुरणे कुंपणात घातली. लॅक्स्टनची तीन मोठी शेते मात्र आजही मध्ये कुंपण न घालता, वेगवेगळ्या कसणाऱ्यांच्या लांबट पट्ट्यांनी कसली जातात. नोव्हेंबरअखेर गावचे पंच गव्हाच्या शेतातून फिरतात, कुणाचा नांगर हद्दीपलीकडे गेला असेल तर तिथे खुंटी ठोकतात, आणि आठवड्याने मॅनरच्या न्यायसभेत दंड ठरतो. चिकण, ओल्या मातीत ती खुंटी ठोकताना मी जवळून पाहिली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

तेच मी पुढे एका व्याख्यानात सांगितले आणि भरात म्हणालो, "या गावाने आपली जमीन आपण राखली." मागच्या रांगेतून एक वयस्कर शेतकरी उठले. "साहेब, सातबारा कुणाच्या नावावर?" त्यांच्या गावचे गायरान गेले होते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मला उत्तर पाठ होते: मॅनव्हर्स अर्लच्या घराण्याने 1952 मध्ये हे गाव कृषी मंत्रालयाला विकले, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेले, आणि कसणारे आजही कुळेच. मी ते सांगितले नाही. वेळ संपत आल्याचे कारण देऊन पुढचा प्रश्न घेतला. ते उभेच राहिले, मग टोपी सारखी करून बसले. ती टोपी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पट्ट्या टिकल्या त्यात मालकांच्या अडचणीचा मोठा वाटा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते: दोन सरदार घराण्यांच्या जमिनी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की पुरती वाटणी जुळलीच नाही. मग पंचांचे काहीच नाही का? तसेही मला म्हणवत नाही. इतकी शतके चिखल तुडवत हद्द पाहणारी माणसे नुसती शोभेची होती, असे म्हणणे हा दुसरा अन्याय होईल. 2020 मध्ये गाव पुन्हा मॅनव्हर्सांच्या जुन्या थोर्सबी इस्टेटकडे आले, तेव्हा मला आनंद व्हावा की धास्ती वाटावी, तेही ठरले नाही. येत्या नोव्हेंबरला मी परत जाणार आहे, आणि खुंटी ठोकणाऱ्याला या वेळी आधी त्याचा खंड किती, हे विचारणार आहे.