शिवणाऱ्याला कोण विचारतंय?

न्यूझीलंडनं २०१५ मध्ये नव्या राष्ट्रध्वजासाठी लोकांकडून चित्रं मागवली, तर १०,२९२ आली. त्यात डोळ्यांतून लेसरचे किरण सोडणारा एक किवी पक्षीही होता. जग हसलं त्याला. मला नाही हसू आलं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या झेंडे शिवायच्या दुकानात गणपतीच्या आधी मंडळाची पोरं मोबाइलवर जे डिझाइन घेऊन येतात, त्यापुढं तो किवी गरीब म्हणायचा. वाघ, किल्ला, तलवार, वर अध्यक्षाचा फोटो. "काकू, एवढं बसवा की." बसवते बाबा, खरं वारं सुटल्यावर वाघ कुठला आणि अध्यक्ष कुठला ते तूच ओळखून दाखव!

स्पर्धेतली चित्रं कागदावर सपाट पसरून बघतात. झेंडा सपाट कधी असतो? अर्धा वेळ तो खांबाला गुंडाळलेला असतो, उरलेला वेळ फडफडत असतो, आणि निम्मे लोक त्याला उलट्या बाजूनं बघतात. किल्ला तलावाकाठचा ११० मीटर उंच खांब बघा. त्यावर तिरंगा असला की कुठूनही तीन रंग तीनच दिसतात. (तिरंगा आम्ही शिवत नाही. तो हुबळीच्या बेंगेरीतल्या खादी संघाचं काम. चक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळवायचं म्हणजे खेळ नव्हे.) आम्ही भगवे शिवतो, आणि एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला की कन्नडचे लाल-पिवळेही. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात मराठी लोक त्याच दिवशी काळा दिन पाळतात, त्या फेरीसाठी काळं कापडही फाडून देतो. मशीन एकच, दोरा तेवढा बदलायचा.

कॅनडाचं मला पटतं. १९६४ मध्ये तिथंही हजारो चित्रं आली होती. झेंड्यावरच्या मेपलच्या पानाला आधी जास्त टोकं होती. वाऱ्याच्या बोगद्यात धरून बघितल्यावर कमी टोकांचं पान लांबून स्वच्छ दिसलं, म्हणून अकरा ठेवली. पंतप्रधानांना दाखवायचे नमुने जोन ओमॅली नावाच्या तरुणीनं रात्रीत शिवून दिले. दक्षिण आफ्रिकेत मात्र लोकांची सात हजारांवर चित्रं आली आणि एकही पसंत पडलं नाही. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल या सरकारी जाणकाराचा आराखडा १९९४ मध्ये वर चढला. मग लोकांना कशाला दमवलं, असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार. निदान विचारलं तरी! आमच्याकडं झेंड्यांवरून चौकाचौकांत वाद झाले, खरं घरी मतपत्रिका कुणाच्या आली नाही. न्यूझीलंडात पोस्टानं आली, तीही दोनदा.

तिथं पहिल्या मतदानात नव्या चित्रांमध्ये वर आलं ते फर्नचं पान. दिसायला देखणं, खरं त्याची एकेक पाकळी कापून, दुमडून, दोन्ही बाजूंनी टाकायची म्हटलं तर कारागीर पळून जाईल. छापूनच घ्यावं लागणार. मार्च २०१६ मध्ये नवा की जुना असं दुसऱ्यांदा विचारलं, तर ५६.६ टक्क्यांनी जुनाच ठेवला. जुन्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक, तो तर शिवणाऱ्याची परीक्षाच: तिरप्या लाल पट्ट्या मध्यावर समोरासमोर येतच नाहीत, मुद्दाम सरकवलेल्या आहेत.

मला त्या स्पर्धेतला आवडला होता रेड पीक नावाचा झेंडा. चार रंग, नुसत्या सरळ रेषा, कात्री घेतली की सुटला. चार चित्रांच्या अंतिम यादीत तो नव्हता. लोकांनी आरडाओरडा केल्यावर पाचवा म्हणून घेतला, आणि पहिल्याच मतदानात पडला.