ग्लासांची किणकिण

परवा दुपारी काम करता करता फोनवर 'कॅफे जॅझ' नावाचं काहीतरी आपोआप सुरू झालं. सलग आठ तासांचं. हलका पियानो, ब्रशने वाजवलेले ड्रम्स आणि मागे कपबश्यांचा आवाज. थोड्या वेळाने जाणवलं, की कपावर चमचा लागल्याचा 'टिंग' ठरावीक अंतराने परत येतोय. तोच कप, तोच चमचा. म्हणजे कुणीतरी बसून हा आवाज मुद्दाम चिकटवला होता. मग कसलं काम आणि कसला पियानो, मी पुढच्या टिंगची वाट बघत बसलो.

खरं तर मी नाक मुरडायला नको. माझी आवडही त्याच जातीची आहे. ज्या रेकॉर्डिंगमध्ये मागे गलका आहे, कुणी खोकतंय, कुणी भलत्याच जागी हसतंय, असंच जॅझ मला जास्त भावतं. घासूनपुसून लख्ख केलेल्या नव्या आवृत्त्या आल्या की मी आधी तपासतो, खोकला शाबूत आहे ना.

या बाबतीत माझा देव म्हणजे २५ जून १९६१चा रविवार. न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा क्लब आहे. जिना उतरून तळघरात जायचं, खोली त्रिकोणी. तिथे बिल इव्हान्सने पियानोवर, स्कॉट लाफारोने बासवर (माणसाएवढं उभं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि पॉल मोटियनने ड्रम्सवर दुपार-रात्र मिळून पाच बैठकी वाजवल्या. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मध्येच वीज गेली आणि टेपवर तेवढ्या जागी भोक पडलं. बाकी सगळं सापडलंय, ग्लासांसकट.

जॅझवाल्यांत एक जुना विनोद आहे : बासचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू झाला की लोक गप्पांना बसतात. इथे ते अक्षरशः ऐकू येतं. इव्हान्स हात आवरता घेतो, लाफारो वरच्या पट्टीत जाऊन गिटारसारखं चपळ काहीतरी सांगू लागतो, आणि त्याच क्षणी कुठल्याशा टेबलावरचं बोलणं ठळक होतं. बास म्हणजे मागे उभं राहून ठेका धरणारा, ही समजूत हा मुलगा तिथे मोडत होता. पियानोने अर्धं वाक्य टाकलं की तो उरलेलं पूर्ण करायचा, कधी खोडूनही काढायचा. त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला. वय पंचवीस.

पुष्कळांना त्या गप्पिष्टांचा संताप येतो. मला येत नाही. ते रविवारी चार घटका मजेत घालवायला आले होते. उलट मला वाटतं, समोरचे ऐकत नाहीत हे कळल्यावर वाजवणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात : आवाज चढवायचा, नाहीतर आपसातच नीट ऐकायचं. त्या तिघांनी दुसरी धरली. मला जॅझमध्ये जे काही हवंसं वाटतं ते बहुधा एवढंच आहे. पुढच्या क्षणी शेजारचा काय करणार हे ठाऊक नसताना त्याच्यावर कान ठेवून राहणं.

गलक्याची ही खोड मला बहुतेक काकांच्या रेडिओने लावली. काका रात्री शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लावायचे. विलिस कॉनोव्हर १९५५पासून तिथे जॅझचा कार्यक्रम करत असे. खर्जातला आवाज, आणि परक्या मुलखातल्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलणं. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. सरकारी रेडिओचं प्रसारण देशातल्या लोकांसाठी नव्हतंच. मी अंथरुणात पडून ऐकायचो. ट्रम्पेट जवळ यायचा, मग खरखरीत बुडायचा, मग परत वर. मला वाटायचं, तो माणूस वाजवता वाजवता चालत लांब जातो आणि फिरून येतो. काका बटण इकडेतिकडे पिरगाळत म्हणायचे, "थांब रे, येईल तो." यायचाही. पुढे तेच वादन स्वच्छ ऐकलं, तर तो एकाच जागी उभा! फार जवळ. जरा आगाऊच वाटला.

गलक्याचा खरा वैरी बासवादक चार्ल्स मिंगस. ऑक्टोबर १९६०मध्ये त्याने एक रेकॉर्ड केली. सुरुवातीला तो श्रोत्यांना बजावतो : टाळ्या नकोत, ग्लासांतला बर्फ वाजवू नका, गल्ल्याची घंटाही नको. ऐकताना वाटतं, क्लब खचाखच भरलाय आणि बुवा तापलेत. प्रत्यक्षात ते रेकॉर्डिंग स्टुडिओतलं. समोर चिटपाखरू नाही.

याच्या नेमकं उलट सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या मंडळींनी १९६६मध्ये केलं. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पाहुणे बोलावले, प्यायला दिलं आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं, की हे शिकागोच्या क्लबात झालं! त्यातलं, त्यांच्याच पियानोवाल्या जो झाविनुलचं 'मर्सी, मर्सी, मर्सी' तुफान चाललं. ठरवून आणलेला गलका, पण माणसं खरी होती. त्यांचे चीत्कार कुठे दर बारा सेकंदांनी परत येत नाहीत.

जॅझ संपलं, ही बोंब जॅझइतकीच जुनी. बीबॉप ही चपळ, गुंतागुंतीची नवी शैली आली तेव्हा जुन्या वळणाच्या लुई आर्मस्ट्राँगने नाक मुरडलं, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने विजेवरची वाद्यं जोडली तेव्हा बाकीच्यांनी. आता ते संगीतशाळांत शिकवतात, मोठ्या सभागृहांत लोक श्वास रोखून ऐकतात. कौतुकच आहे, पण मला धास्ती वाटते ती या शांततेची. इतकी अदब कुणाला सोसते? दुसरीकडे लंडनमध्ये शबाका हचिंग्ज, नुबाया गार्सिया यांच्यासारख्या वादकांपुढे तरुण पोरं उभ्याने नाचत ऐकतात. उभी गर्दी म्हटली की धक्काबुक्की आली, बडबड आली. आणि व्हॅनगार्डमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी १९६६मध्ये सुरू केलेला वाद्यवृंद, नाव आणि माणसं बदलत का होईना, अजून सोमवारी वाजवतो. तेव्हा एवढ्यात काही मयतीची तयारी नको.

मिंगसला हे काही पटलं नसतं. पण तो काय, रिकाम्या खोलीवरही खेकसायचा.