आमची वाटचाल : ठरल्या वेळी सुटणारी लाईन

आम्ही शर्ट शिवतो. सुरुवात जॉबवर्कने झाली. मोठ्या कारखान्याकडून कापलेले बंडल यायचे, कॉलर-कफ लावून आम्ही ते परत पाठवायचो. शर्ट कुठे विकला जाणार हे कोणी सांगत नसे. माल कधी हवा आणि नगाला किती मिळणार, एवढंच कळायचं.

पुढे थेट निर्यातीच्या ऑर्डरी मिळू लागल्या, त्यांच्यामागोमाग ऑडिट आलं. हजेरीपट, पगारपत्रक, बाहेर पडायचे दरवाजे हे सगळं तपासलंच पाहिजे. पण सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या ज्या कारखान्यात आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्याला काही आठवडे आधीच एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरची राणा प्लाझा इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर खालची बँक आणि दुकानं बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. ११०० हून अधिक जीव गेले. या धंद्यात असलेल्या कोणालाही त्या बोलावण्यामागे शिपमेंटची तारीख दिसते.

म्हणून आम्ही हात घातला तो ओव्हरटाइमला. लाईन, म्हणजे ओळीने बसून शर्ट शिवणारे कामगार, ठरल्या वेळी सुटणार. जादा काम राजीखुशीने, जादा दराने आणि मोजकंच. उत्पादन घटेल असं बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांनी एकदा उशिरा शिवलेला माल चेकिंग टेबलवर वेगळा काढून बघावा. कॉलरचं एक टोक लांब, दुसरं आखूड. खिसा तिरका. काजाजवळ टाका सुटलेला. उसवलं की कापडावर सुईची भोकं राहतात, त्यामुळे अल्टर केलेला, म्हणजे पुन्हा शिवलेला शर्टही पुष्कळदा सेकंडमध्येच, म्हणजे दुय्यम मालातच जातो. थकलेल्या हाताचे ते तास आम्ही बंद केले आणि अल्टरचा ढीग उतरला. माणसंही टिकली. कॉलर लावणारी ऑपरेटर सोडून गेली, तर नव्या बाईचा हात बसेपर्यंत पुढची सगळी मशीनं खोळंबतात. हे नुकसान कुठल्याच हिशेबात लिहिलं जात नाही, पण होतं मोठं.

मात्र एकट्या कारखान्याने ठरवून भागत नाही. सॅम्पलला खरेदीदाराची मंजुरी उशिरा येते, शिपमेंटची तारीख मात्र तीच राहते, आणि मधले गेलेले दिवस शेवटी कामगाराच्या रात्रीतून वसूल होतात. २०२० मध्ये तर अनेक मोठ्या ब्रँडांनी शिवून तयार असलेल्या मालाच्याही ऑर्डरी रद्द केल्या. त्यांच्या आचारसंहितेत पुरवठादाराने काय करावं याची पानंच्या पानं असतात! राणा प्लाझानंतरचा अ‍ॅकॉर्ड मला मोलाचा वाटतो तो यासाठीच. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला हा करार कायद्याने बांधणारा आहे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा खर्च कारखान्याला झेपेल याची जबाबदारी त्यात ब्रँडवरही आहे.

आमच्या ऑर्डरीत आता दोन अटी असतात. मंजुरी जितकी लांबेल तितकी शिपमेंट पुढे जाईल. आणि कॉस्टिंगमध्ये, म्हणजे शर्टाच्या किमतीच्या हिशेबात, मजुरीची ओळ वेगळी राहील, घासाघीस करायची ती बाकीच्या ओळींवर. काही खरेदीदार यामुळे गेले. जे राहिले ते पुढच्या हंगामाचा अंदाज आधी कळवतात, त्यामुळे कापड वेळेत बुक होतं.

धुलाई आणि भरतकाम आम्ही बाहेर देतो. त्या युनिटांचे खरेदीदार आम्हीच, म्हणून याच दोन अटी आता आमच्या त्यांच्याशी होणाऱ्या करारातही घातल्या आहेत.